साळवेभाऊंची दहावी हाक

साळवेभाऊंकडे दिवाळीच्या करंज्या पाठवायच्या तर मोजून दहा पाठवाव्यात. नऊ पाठवू नयेत, आणि अकरा तर मुळीच नाही. लग्न होऊन मी झाशीत आले त्या पहिल्याच दिवाळीला मी अजाणतेपणी अकरा पाठवल्या. संध्याकाळी हे गृहस्थ ताटली परत द्यायला आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "वहिनी, करंज्या फार छान झाल्यात. पण एक वर गेली. ती पुढच्या वर्षीच्या दहात धरू, की तुम्ही परत घेता?"

मला वाटलं, नव्या नवरीची चेष्टा चाललीय. मी हसले. ते हसले नाहीत.

आमचे हे आतून ओरडले, "अगं, त्यांचा दशमांश असतो! दहातला एक चर्चला!"

"करंजीचासुद्धा?"

"कशाचाही!"

मी कपाळाला हात लावला. गेली अडतीस वर्षं तो अधूनमधून लावतेच आहे.

पूर्ण नाव शमुवेल साळवे. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. रिटायर होऊन सोळा वर्षं झाली, पण आमच्या प्रेमनगरात अजून त्यांना सगळे गार्ड साहबच म्हणतात. त्यांचे वडील नगरकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले. आमचं घराणं त्याच्या फार आधी आलं, सुभेदारांच्या फौजेबरोबर. माझ्या सासूबाई त्यावरून मिरवायच्या, "आम्ही इथले अडीचशे वर्षांचे." त्यावर साळवेभाऊंच्या मार्थाबाई म्हणायच्या, "तुम्ही चालत आलात. आम्ही पास काढून आलो." गल्लीत मराठी बोलणारी घरं ही दोनच. आमची मुलं मराठी ऐकून हिंदीत उत्तर द्यायची आणि आता तर फोनवरच असतात. साळव्यांना मूलबाळ नाही. त्यामुळे मनसोक्त मराठीत भांडायचं झालं तर मला कंपाउंडच्या भिंतीपलीकडची ही दोन माणसंच होती. आता मराठीत बोलणारं एकच उरलंय, आणि त्यालाही भांडायचा उत्साह उरलेला नाही.

तर दशमांश. देवाने जे दिलं त्याच्या दहातला एक भाग देवाचा, तो त्याच्या घरी पोचवायचा, अशी त्यांच्यातली रीत. बाकीची मंडळी पगाराचा नाहीतर पेन्शनचा दहावा भाग पाकिटात घालतात, रविवारी थैली फिरते तिच्यात टाकतात आणि मोकळी होतात. तेही सगळे करतात असं नाही, हे मला खुद्द तिथल्या पादरी साहेबांनी सांगितलं आहे. साळवेभाऊंचं तेवढ्यावर भागत नसे. "पेन्शन सरकार देतं, वहिनी," ते म्हणायचे, "देव काय देतो ते मोजा की."

आणि ते मोजायचे. परसात मार्थाबाईंनी लावलेलं लिंबाचं झाड होतं, चार कोंबड्या होत्या. दहावं लिंबू चर्चला. दहावं अंडं चर्चला. भाजीवाला हातगाडी घेऊन आला की लांबूनच विचारायचा, "काए बाबूजी, दसवाँ अलग बाँध दें?" आणि भाऊ "हओ" म्हणून बरुआसागरच्या आल्याच्या दहा कुड्या त्याच्याकडून मोजून घ्यायचे. लिहून कधी काही ठेवलं नाही. "देव लिहून ठेवतो का? मग मी कशाला?" सगळं डोक्यात. तीस वर्षांपूर्वी कुठल्या गाडीला किती डबे होते ते ज्याला आठवतं, त्याला दहापर्यंत मोजणं काय अवघड?

वेळेचंसुद्धा तेच. दिवसाचे चोवीस तास, त्यातले दोन तास चोवीस मिनिटं देवाची. तेवढा वेळ चर्चचं आवार झाडायचं, बाकं पुसायची, झाडांना पाणी घालायचं. त्या वाटेवर त्यांना कोणी थांबवलं की घड्याळ पुढे करायचे. "हा वेळ माझा नाही, उशीर करू नका." एकदा मे महिन्यात, झाशीचा मे म्हणजे काय ते सांगायला नको, दोन दिवस वीज नव्हती. भाऊंनी कुठून तरी बर्फाची लादी आणली. तिचा दहावा तुकडा फडक्यात गुंडाळून सायकलवरून चर्चच्या फाटकातल्या माठात टाकायला निघाले. परत आले तेव्हा शर्ट ओला, फडकं ओलं.

"भाऊ, पोचला का बर्फ?"

"पोचला तेवढा त्याचा," ते म्हणाले. "वाटेत सांडला तोही त्याचाच."

मी त्यांना खिंडीत गाठायचा पुष्कळ प्रयत्न केला. एकदा म्हटलं, "तुम्हाला मागच्या महिन्यात दहा दिवस ताप होता. त्याचा दहावा नाही दिलात?"

"ताप डासाने दिला, वहिनी. देवाने दिलेल्याचं बोला."

पण हार मानणं माझ्या रक्तात नाही. मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत हिंदीचं व्याकरण शिकवलं आहे. मी म्हणायचे, "आमचा देव बरा. आधी काम करतो, मग नारळ घेतो. तुमचा आधीच घेऊन बसतो." ते म्हणायचे, "म्हणून तुमचं देवाशी वरचेवर भांडण होतं. आमचं नाही होत." हे मात्र खरं होतं तेव्हा.

मार्थाबाई या सगळ्याकडे कशा बघत असतील, असं तुम्हाला वाटेल. त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. वॉर्डबॉय त्यांना टरकून असत. नवऱ्याला त्या नावाने कधी हाक मारत नसत, "अहो गार्ड!" म्हणायच्या. "अहो गार्ड, शिट्टी वाजवा, चहा झालाय." कोंबड्यांनी अकरा अंडी दिली की अकरावं गुपचूप खाऊन टाकायच्या. मला म्हणायच्या, "त्यांच्या डोक्याला तेवढीच उसंत."

त्यांच्याकडे नोव्हेंबरात कटनीचा, म्हणजे कापणीचा, सण असतो. ज्याने जे पिकवलं ते चर्चमध्ये आणायचं, वेदीपुढे मांडायचं, आणि उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव. पैसे चर्चचे. लोक भोपळे आणतात, ऊस आणतात, कोंबडा आणतात, मजा असते. मी दर वर्षी जायची. साळवेभाऊंची लिंबं म्हणजे आकाराने गोट्या, सालीने चामडं. बोली पुकारली की आवारात शांतता. मग भाऊ स्वतःच हात वर करायचे, "बीस!" आणि लगेच दुसऱ्या टोकाकडून खणखणीत आवाज यायचा, "तीस!" मार्थाबाई! हे चाळीस म्हणायचे, त्या पन्नास. दोघांचा खिसा एकच, आणि भर आवारात एकमेकांवर बोली चढवताहेत. लोक हसून हसून लोळायचे. शेवटी आपलीच लिंबं चढ्या भावाने विकत घेऊन दोघं सायकलरिक्षातून घरी यायची.

"हा काय वेडेपणा?" मी एकदा मार्थाबाईंना विचारलं.

"त्यांना एकट्याला बोली लावताना मला बघवत नाही गं," त्या म्हणाल्या.

पाच वर्षांपूर्वी मार्थाबाई विसरायला लागल्या. आधी गॅस, मग किल्ल्या, मग मी. ग्वाल्हेरला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं की हे परत फिरत नाही, हळूहळू जाईल सगळं. आणि एका सकाळी साळवेभाऊ पाण्याचा पेला घेऊन गेले, तर त्या त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "भैया, यहाँ रख दो।"

हिंदीत. वॉर्डबॉयशी बोलायच्या तशा.

चव्वेचाळीस वर्षांचा संसार. त्या घरात नवरा-बायको कधी हिंदी बोलली नव्हती. भाऊ भिंतीपाशी आले, मला हे सांगितलं आणि म्हणाले, "चांगलं बोलली पण. 'शुक्रिया'सुद्धा म्हणाली." मी पोळपाट तसाच टाकून आत गेले आणि रडून घेतलं. मी रडायला कुणाची परवानगी घेत नाही.

त्यानंतर ते त्या घरात भैया झाले. भैया पाणी द्या, भैया पंखा लावा, भैया माझ्या मिस्टरांना निरोप पाठवा, ते ड्यूटीवर गेलेत. आणि हे "जी, सिस्टर" म्हणून सगळं करायचे. वेणी घालायला शिकले. चर्चचे दोन तास चोवीस मिनिटं चुकली नाहीत; तेवढा वेळ मी जाऊन बसायची.

मग एका दुपारी भिंतीवरून हाक आली, "वहिनी! वहिनी! बोलली!"

"काय बोलली?"

"अहो गार्ड म्हणाली! गाडी सुटली का म्हणाली! मराठीत!" सत्तरी उलटलेला माणूस, डोळ्यांतून पाणी, आणि हातात कणकेचा गोळा. दहा-पंधरा मिनिटं ओळख राहिली होती, आणि पुन्हा भैया. मी शिरा केला. दुसरी हाक दोन महिन्यांनी आली. तिसरी लवकर आली. प्रत्येक वेळी भिंतीवरून मला खबर. "आज चौथी." "आज पाचवी, भांडली माझ्याशी!" प्रत्येकीला मी शिरा केला. माणसाला जगायला किती थोडं लागतं हे मला तेव्हा कळलं, आणि तेवढंही मिळत नाही हे नंतर कळलं.

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमचे हे नेहमी सांगतात. आठव्या हाकेनंतर मी शिऱ्याची वाटी देता देता हसत म्हटलं, "आता दहावीला काय करणार हो, भाऊ?"

त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, वाटी पडते हातातून. तेव्हा कळलं की ते पहिल्या हाकेपासून मोजत होते.

"दहावी माझी नाही," ते म्हणाले.

"म्हणजे काय?"

"उठून चर्चमध्ये जाईन. ती त्याची."

"आणि मार्थाबाईंनी काय करायचं? भिंतीशी बोलायचं?"

"तुम्ही बसाल ना."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. डोकं फिरलंय का तुमचं, इथपासून सुरुवात होती. देवाला हाका कमी पडल्यात का, त्याला दिवसाला लाख येतात, हिच्यावर कशाला डोळा! ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "लिंबाचा दिला, बर्फाचा दिला. आणि जे खरं मिळालं त्याचा नाही द्यायचा? मग इतकी वर्षं मी काय खेळत होतो, वहिनी?"

मी तडक पादरी साहेबांना जाऊन भेटले. तरुण माणूस आहे, छत्तीसगडकडचा, भला. ते त्याच दिवशी आले. व्हरांड्यात बसून त्यांनी समजावलं, "अंकल, दशमांश तो कमाई का होता है। और परमेश्वर कोई पटवारी नहीं है।"

"पादरी साहब," भाऊ म्हणाले, "इससे बड़ी कमाई मेरी कौन-सी है, बता दीजिए।"

पादरी साहेबांनी कप उचलला. चहा पिऊन गेले.

नववी हाक होळीच्या सुमाराला आली. भाऊंनी भिंतीवरून सांगितलं, पण हळू आवाजात, आणि "आज नववी" म्हणून लगेच आत गेले. त्यानंतर काहीच नाही. एप्रिल गेला, मे गेला, पावसाळा आला आणि गेला. मार्थाबाई आणखी वाळल्या, आणखी दूर गेल्या. मी कधी नव्हे ती लक्ष्मीतलावाच्या देवळात जाऊन काम व्हायच्या आधीच नारळ फोडला. आणि भाऊ? ते तिच्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसायला लागले. आत नाही, बाहेर नाही. हाक यावी म्हणून जीव टाकायचा, आणि आली तर उठून जायचं. त्या स्टुलावर बसलेल्या माणसाकडे बघवत नव्हतं. एवढी चीड आणि एवढी कीव मला एका माणसाची एकाच वेळी कधी आली नव्हती.

आणि कटनीचा रविवार उजाडला. गेल्याच्या आधीच्या वर्षीची ही गोष्ट.

मी नेहमीसारखी नऊला मार्थाबाईंजवळ बसायला गेले. फाटक उघडून आत शिरले तर भाऊ जाळीच्या दारात उभे. अंगात कोट, पायात पॉलिश केलेले बूट, हातात लिंबांची पिशवी. एक पाय उंबऱ्याबाहेर. आणि आतून, स्पष्ट, जुन्या खणखणीत आवाजात:

"अहो गार्ड, चष्मा विसरलात."

मी होते तिथेच थांबले. मीही मोजत होते ना! भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंडाला पदर लावला, एक शब्द बोलले नाही; आयुष्यात पहिल्यांदाच. चर्च दोन गल्ल्या पलीकडे, पहिली घंटा व्हायला लागली होती. मला वाटलं, गेले हे. बाहेरचा पाय त्यांनी खाली टेकवला होता, दुसराही उचलला होता. मग तो माणूस वळला. पिशवी पायरीवर ठेवली, आत गेला आणि पलंगाच्या कडेला बसला.

मी पायरीवर लिंबांच्या शेजारी बसले. घंटा वाजून थांबली. आत दोघं बोलत होती. झाडाला पाणी घातलंत का. नळ कोणी दुरुस्त केला. किती म्हातारे दिसायला लागलात हो. ते हसत होते. मला सगळं ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू नये म्हणून मी मनात गणपतीस्तोत्र म्हणत होते, तेही अर्धंच येतं मला. वीस मिनिटं झाली असतील, पंचवीस झाली असतील. मग आवाज बदलला.

"भैया, ज़रा चादर दे दो। ठंड लग रही है।"

"जी, सिस्टर," भाऊ म्हणाले.

मी घरी जाऊन तुपाची धार सोडून शिरा केला. आमच्या यांना म्हटलं, सुटले एकदाचे साळवेभाऊ! देवापेक्षा बायको मोठी हे पुरुषाला सत्तरीनंतर का होईना, कळलं! मला फार आनंद झाला होता. आता आठवलं की स्वतःची लाज वाटते, इतकी मी मूर्ख.

त्या नाताळला मी रिवाजाप्रमाणे चर्चमध्ये गेले. बऱ्या होत्या तोवर दर वर्षी मार्थाबाई मला हाताला धरून न्यायच्या; या वेळी त्यांच्याजवळ आमचे हे बसले आणि मी एकटीच गेले. गाणी झाली, प्रवचन झालं. मग त्यांचं प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायला एकेक बाक उठून वेदीपाशी जाऊन गुडघे टेकतो. साळवेभाऊ तिथे नेहमी पहिले. या वेळी ते शेवटच्या बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसले होते. त्यांच्या बाकाची पाळी आली. त्यांनी गुडघे एका बाजूला घेतले, बाकीच्यांना जायला वाट दिली आणि बसून राहिले.

मला वाटलं, गुडघे दुखत असतील. पुढच्या महिन्यातही तेच, त्याच्या पुढच्याही, असं पादरी साहेबांनी मला सांगितलं. विचारलं तर अंकल नुसते हसतात म्हणाले. मग मीच भिंतीपाशी गाठलं.

"काय चाललंय, भाऊ?"

"चोराने त्या मेजावर कसं जायचं, वहिनी?"

"कसला चोर?"

"नऊ दिल्या त्याने. एकच ठेवायची होती. तीसुद्धा मी खाल्ली."

हाक बंद झाली होती, हे मी सांगायला नको. त्या रविवारनंतर एकदाही नाही. मार्थाबाई आता हिंदीतही फार बोलत नव्हत्या. भाऊंना त्याचं कारण पक्कं ठाऊक होतं, आणि डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मी दहा वेळा सांगून उपयोग नव्हता.

"मग माफी मागा!" मी ओरडलेच. "तुमचा देव माफ करतो म्हणता ना? आयुष्यभर ऐकतेय मी. मागा आणि मोकळे व्हा!"

त्यांनी भिंतीवरचं एक वाळकं पान उचललं, खाली टाकलं.

"मागितली की देतो तो. पण मागायच्या आधी केल्याचं वाईट वाटावं लागतं. तिथे खोटं चालत नाही." मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मला वाईट नाही वाटत, वहिनी. रोज सकाळी उठलो की मला ते आठवतं आणि आनंद होतो. चष्मा विसरलात म्हणाली. कसं मागू?"

मी भिंतीवरची धूळ पदराने पुसत राहिले.

"अकरावी आली तर ती देऊन टाकीन, असं ठरवतो कधी कधी," ते म्हणाले. "पण नाही देणार मी. मला माहीत आहे. त्यालाही माहीत असणार."

मला त्यांचा राग आला, त्यांच्या देवाचा आला, आणि आमच्या देवाचाही आला, तोही नारळ घेऊन बसलाच होता. पण राग कुणावर काढायचा? घरी जाऊन भांडी घासली.

बाकी सगळं साळवेभाऊ अजून करतात. दहावं लिंबू जातं, दहावं अंडं जातं, दोन तास चोवीस मिनिटं जातात. गेल्या कटनीला त्यांच्या लिंबांवर त्यांनी "बीस" म्हटलं, आणि दुसऱ्या टोकाकडून काहीच आलं नाही, तेव्हा मी "तीस" म्हणून ओरडले. कुणी हसलं नाही.

मध्यंतरी एका रविवारी ते चर्चच्या पायरीवर ठेचकाळून पडले. कपाळाला खोक पडली. पादरी साहेब म्हणाले, "अंकल आजकल भजन की किताब भी उलटी पकड़ते हैं।" म्हटलं, आता हेही विसरायला लागले की काय! दोघंही गेली तर या गल्लीत मी मराठीत बोलायचं कुणाशी? पुढच्या रविवारी मी मुद्दाम वेळेच्या आधी गेले, लक्ष ठेवायला.

जाळीतून दिसलं. भाऊंनी कोट घातला. बूट घातले. पिशवी घेतली. मग खिशातून चष्मा काढला, मार्थाबाईंना दिसेल असा त्यांच्या उशाजवळच्या टेबलावर ठेवला आणि दाराकडे चालत आले. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकून उभे राहिले.

दर रविवारी असेच उभे राहतात, हे मला तेव्हा कळलं. मागे वळून बघत नाहीत. नुसते उभे राहतात. पहिली घंटा होते.

"भैया," आतून बारीक आवाज येतो, "दरवाज़ा बंद कर दो। मक्खी आती है।"

"जी, सिस्टर," ते म्हणतात, दार लावतात, आणि चष्म्याशिवायच पायऱ्या चाचपत उतरतात.